मुलाचा हात भाजल्यानंतरची दोन वर्षं : पालकांसाठी मार्गदर्शक

शेवटचं ड्रेसिंग निघतं. जखम बंद झालेली दिसते, डॉक्टर म्हणतात, ‘छान भरलंय’, आणि आईबाबा सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमकं त्याच आठवड्यात मला त्यांना सांगावं लागतं, की हाताचं मोठं काम आता सुरू होतंय. मी हातांच्या पुनर्वसनाचं काम करते, आणि भाजलेल्या मुलांचे हात हा त्यातला माझ्या जिवाच्या जवळचा भाग. पहिल्या महिन्यात दिसायला सुंदर असलेला हात चौथ्या महिन्यात आखडून परत आलेला मी पाहिला आहे. सुरुवातीला बघवत नव्हता असा हात दीड वर्षाने चेंडू झेलतानाही पाहिला आहे. जखम किती खोल होती यावर बरंच काही ठरतं, हे खरं. पण मधल्या रात्री कशा गेल्या, यावरही तितकंच ठरतं.

रात्रींचा उल्लेख मुद्दाम केला. जखम भरताना शरीर तिचे काठ एकमेकांकडे ओढून घेतं. त्यासाठी तिथे खास पेशी तयार होतात आणि त्या स्नायूसारख्या आकुंचन पावतात. वरून कातडी बंद झाली तरी आतलं हे ओढणं थांबत नाही. भाजणं खोल असेल तर ते कित्येक महिने चालू राहतं. दिवसा मूल खेळतं, हात उघडतं, व्रणाला थोडाफार ताण मिळतो. रात्री हात सैल पडतो, बोटं आपसूक मिटतात, आणि व्रण त्याच आखूड स्थितीत आठ-दहा तास घट्ट होत राहतो. दिवसभराच्या व्यायामाने जे मिळवलं, ते एका मोकळ्या रात्रीत बरंचसं निसटतं.

हे सगळं पहिल्यांदाच करणाऱ्या पालकांसाठी मी ते क्रमाने लिहिते आहे. तुमच्या डॉक्टरांनी किंवा थेरपिस्टने काही वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका. त्यांनी तो हात पाहिलेला आहे, मी नाही.

आधी हे समजून घ्या : तळवा की मागची बाजू?

रांगणारं किंवा नुकतंच चालू लागलेलं बाळ गरम इस्त्रीवर, हीटरवर किंवा शेगडीवर तळहात टेकवतं. मोठं माणूस चटका बसताच हात झटकतं. बाळाला तो मागे घ्यायला वेळ लागतो, म्हणून तळवा जास्त वेळ चिकटून राहतो. गरम पाणी अंगावर सांडलं किंवा बाहीने पेट घेतला, की बहुधा हाताची मागची बाजू सापडते.

या दोन बाजूंचं वागणं अगदी निराळं आहे. तळव्याची कातडी जाड आणि चिवट असते. ती पुष्कळदा शस्त्रक्रियेशिवाय भरून येते, म्हणून डॉक्टर दोन-तीन आठवडे वाट बघणं पसंत करतात. मात्र भरता भरता तळव्याची वाटी होत जाते आणि बोटं आत वळतात. मागच्या बाजूची कातडी पातळ आणि सैल असते. बोटं सरळ करणाऱ्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडांशी जोडणाऱ्या दोऱ्या, तिच्या लगेच खाली असतात. इथे व्रण झाला की बोटांचे मुळाशी असलेले सांधे मागे खेचले जातात, मधले सांधे वाकतात, आणि हात पक्ष्याच्या पंजासारखा दिसू लागतो.

दुसरी गोष्ट खोलीची. साधारण दोन आठवड्यांत भरलेली जखम सहसा जाड व्रण ठेवून जात नाही. भरायला तीन आठवड्यांहून जास्त लागले, किंवा त्वचारोपण करावं लागलं, तर व्रण उचलून येण्याची आणि आखडण्याची शक्यता बरीच वाढते. म्हणून एक वही करा आणि पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहा : कोणती बाजू, कोणती बोटं, आणि जखम पूर्ण बंद व्हायला लागलेले दिवस. पुढे जो कोणी तो हात तपासेल, त्याला ही माहिती लागेलच.

पहिले काही दिवस

प्रथमोपचार थोडक्यात सांगते, कारण हे वाचेपर्यंत तुमची ती वेळ बहुधा निघून गेलेली असेल. भाजलेला हात २० मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरायचा. पहिल्या ३ तासांत कधीही केलं तरी त्याचा उपयोग होतो. बर्फ नको, टूथपेस्ट नको, कसलाही घरगुती लेप नको. हातात अंगठी, कडं, दोरा जे काही असेल ते सूज चढायच्या आत काढायचं.

सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत वाढते. सुजलेला हात मनगटात खाली पडतो, अंगठा तळव्याला चिकटतो आणि बोटं वाकडी होतात. आखडण्याची सुरुवात इथूनच होते. म्हणून हात हृदयापेक्षा उंच ठेवा. बाळाला कडेवर घेतलंत की त्याचा हात तुमच्या खांद्यावर येऊ द्या. झोपेत हात कसा टेकवायचा, ते नर्सकडून प्रत्यक्ष करून दाखवून घ्या. लहान बाळाभोवती सुट्या उशा रचणं सुरक्षित नसतं.

ड्रेसिंग करताना प्रत्येक बोट वेगळं गुंडाळलं जातंय ना, याकडे लक्ष ठेवा. शेजारची दोन कच्ची बोटं एकत्र बांधली तर त्यांच्यामधली बेचकी भरताना जोडली जाऊ शकते. वेगळं गुंडाळलेलं बोट हलवताही येतं, आणि परवानगी असेल तर ते हलवायलाच हवं.

एक धोका स्पष्टच सांगते. भाजणं छोटं असलं तरी लहान मुलाला पहिल्या काही दिवसांत एकाएकी खूप ताप आला, अंगावर पुरळ उठलं, उलट्या किंवा जुलाब सुरू झाले, मूल मलूल पडलं, तर जखम वरून स्वच्छ दिसत असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठा आणि हात भाजल्याचं सांगा. जंतूंच्या विषामुळे असं होऊ शकतं आणि तिथे तासांचा हिशेब असतो. जखमेला वास येणं, पू, भोवतालची लाली पसरत जाणं, यासाठीही ठरलेल्या तारखेची वाट बघू नका.

त्वचारोपण झालं असेल तर लावलेली कातडी धरेपर्यंत हात साधारण ४ ते ७ दिवस अजिबात हलवायचा नसतो. सर्जन हिरवा कंदील दाखवतील त्या दिवशी हालचाल सुरू करायची. तिथून पुढे ‘अजून जरा राहू दे, दुखेल’ म्हणून लांबवायचं नाही.

स्प्लिंट

स्प्लिंट म्हणजे हाताच्या मापाने घडवलेला हलका, कडक आधार. बहुतेक वेळा तो गरम पाण्यात मऊ होणाऱ्या प्लास्टिकचा असतो. या सगळ्या लेखातून एकच भाग लक्षात ठेवायचा म्हटलं तर हा ठेवा.

मागची बाजू भाजली असेल तर मनगट २० ते ३० अंश मागे उचललेलं, बोटांचे मुळाचे सांधे ७० अंशांच्या आसपास वाकलेले, पुढचे दोन्ही सांधे सरळ, आणि अंगठा तळव्यापासून पुढे काढलेला, मोठा पेला धरायचा आहे असा. तळवा भाजला असेल तर सगळं सपाट : मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत हात उघडा, बोटं फाकलेली, अंगठा दूर, रंगात बुडवून भिंतीवर ठसा उमटवतात तसा. वॉर्डात शेजारच्या मुलाचा स्प्लिंट वेगळा दिसला म्हणून आपला चुकलाय असं समजून पालक घाबरतात. बाजू वेगळी असेल तर स्प्लिंट वेगळाच असणार.

‘इतका वेळ बांधून ठेवल्यावर हात कडक नाही का होणार?’ हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक घरातून येतो. मोठ्या माणसाच्या बाबतीत ही भीती रास्त आहे. लहान मुलांचे सांधे मात्र फार लवचीक असतात आणि सरळ राहिल्याने झालेला ताठरपणा खेळता खेळता निघून जातो. व्रणाने आखडलेली कातडी अशी सहज परत येत नाही. म्हणून लहान बाळाचा तळवा खोल भाजला असेल, तर सुरुवातीला अंघोळ, मालिश, ताणण्याचे व्यायाम आणि खेळ एवढा वेळ सोडून दिवसाही स्प्लिंट ठेवायला सांगतात. हात उघडा राहतोय असं दिसलं की तो फक्त झोपेपुरता उरतो, रात्रीचा आणि दुपारचाही. अशा हाताला सहा महिने ते वर्षभर रात्रीचा स्प्लिंट लागणं अगदी नेहमीचं आहे.

बांधायचा कसा, हे शब्दांत सांगून भागत नाही. थेरपिस्ट पहिल्यांदा बांधतील तेव्हा मोबाईलवर व्हिडिओ घ्या, मग त्यांच्यासमोर स्वतः सोडून पुन्हा बांधा. तळव्याच्या स्प्लिंटमध्ये एकच गोष्ट निरखायची : तळवा आणि बोटं खालच्या प्लास्टिकला पूर्ण टेकली आहेत का? बाजूने बघितल्यावर बोटांखाली फट दिसली तर स्प्लिंट नुसता हातावर आहे, काम करत नाही. तो थेरपिस्टकडून नीट करून घ्या. पट्टा जास्त आवळून ती फट बुजवू नका.

बांधून झाल्यावर बोटांची टोकं उघडी दिसली पाहिजेत. नख दाबून सोडा. पांढरा पडलेला भाग दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. टोकं निळसर किंवा गार वाटली, मूल मुंग्या येतात म्हणालं, तर सैल करा. सकाळी काढल्यावर लाल ठसे दिसतीलच, पण अर्ध्या तासात गेले नाहीत तर त्या जागी स्प्लिंट टोचतोय, तो दुरुस्त करून घ्या. धुवायला कोमट पाणी आणि साबण पुरतं. कढत पाण्यात, उन्हात, बंद गाडीत किंवा हीटरजवळ ठेवलात तर त्याचा आकार गेलाच म्हणून समजा.

मूल काढून टाकतं, ही नेहमीची तक्रार. पहिले काही दिवस गाढ झोप लागल्यावर, साधारण अर्ध्या तासाने बांधा. पट्ट्यांवरून मऊ बँडेज गुंडाळा आणि वर लांब मोजा चढवा. जरा मोठ्या मुलाला पट्ट्यांचा रंग निवडू द्या, त्याच्या बाहुलीलाही पुठ्ठ्याचा स्प्लिंट करून द्या. पहिल्या आठवड्यात रडारड होते. तुमच्या चेहऱ्यावर ‘आज राहू दे का?’ दिसलं नाही, तर बहुतेक मुलं दुसऱ्या आठवड्यात झोपायच्या आधी स्वतः हात पुढे करतात.

आजारपण, प्रवास, पाहुणे, काही कारणाने तीन-चार रात्री सुटल्या आणि आता हात स्प्लिंटमध्ये बसत नसेल, तर दाबून बसवू नका, आणि रागावतील म्हणून तारीखही टाळू नका. त्याच दिवशी थेरपिस्टला फोन करा. आहे त्या हातावर स्प्लिंट पुन्हा घडवता येतो आणि हळूहळू उघडत नेता येतो. स्प्लिंट सर्वात जास्त सुटतो तो दुसऱ्या ते सहाव्या महिन्यात. हात बरा दिसत असतो, घर थकलेलं असतं, आणि व्रण मात्र ऐन जोरात असतो.

ताणायचं कसं

वेळ निवडा अंघोळीनंतरची. कातडी मऊ असते, मूल सैलावलेलं असतं. डॉक्टरांनी वेदनाशामक दिलं असेल तर त्यांनी सांगितलेल्या मात्रेत अर्धा ते पाऊण तास आधी द्या. मुलांना स्वतःहून अॅस्पिरिन कधीही देऊ नका. व्रणावर साधं, बिनवासाचं क्रीम लावा.

आता एक बोट हळूहळू सरळ करत जा. व्रणाचा लाल पट्टा एका टप्प्यावर फिका, पांढुरका पडेल. तिथे थांबा आणि धरून ठेवा. हा पांढुरका रंग म्हणजे ताण पोहोचल्याची खूण. मुलाला हळूहळू वीस अंक मोजू द्या, मग सोडा, पुन्हा करा. झटके देऊन काही मिळत नाही. झटक्याने कातडी फाटते, आणि फाटलेली जागा भरताना नवा व्रण करते. मंद आणि सलग ताणालाच व्रण ऐकतो.

एकेक बोट सरळ झालं म्हणून काम संपत नाही. व्रणाचा पट्टा अनेक सांध्यांवरून गेलेला असतो. तळवा भाजलेल्या मुलाचं प्रत्येक बोट सुटं सुटं सरळ होतं, पण सगळी बोटं एकदम सरळ करून मनगट मागे नेलं की पट्टा दोरीसारखा ताठ उभा राहतो. म्हणून शेवटी सगळे सांधे एकत्र ताणायचे. अंगठा आणि तर्जनीमधली बेचकी वेगळी ताणा. ती अरुंद झाली तर मुलाला मोठी वस्तू पकडताच येत नाही. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी पाच-दहा मिनिटं एवढं बस. एकदम अर्धा तास झगडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

इथे एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. बोटांच्या मागच्या बाजूला, मधल्या सांध्यावर खोल भाजलं असेल, तर थेरपिस्टला विचारल्याशिवाय मूठ दाबून मिटवू नका. तिथली कंडरा पातळ असते आणि भाजल्याने कच्ची झालेली असू शकते. ताणाने ती तुटली तर बोट मधल्या सांध्यात वाकलेलंच राहतं. अशा बोटाला काही आठवडे सरळ ठेवून फक्त मुळाचा सांधा हलवतात.

ताणताना बारीकशी चीर पडून रक्ताचा थेंब आला तर घाबरू नका. स्वच्छ करा, झाका, त्या जागेला ताण देणं थांबवा आणि थेरपिस्टला कळवा. कुठे दुखतंय हे सांगायचा हक्क मुलाला द्या : ‘थांब’ म्हटलं की तुम्ही पाच सेकंद खरोखर थांबायचं, मग पुढे. दर वेळी न चुकता थांबलात तर ते मूल तो शब्द जपून वापरायला लागतं. आणि हे काम त्याच्या अंथरुणावर करू नका. झोपायची जागा भीतीची होऊ नये.

खेळ

ताणणं तुम्ही करता, हालचाल त्याने करायची असते. दोन-तीन वर्षांच्या मुलाला ‘हात दहा वेळा उघड-मीट कर’ सांगून उपयोग नाही. त्याला साबणाचे फुगे सोडा आणि एकेका बोटाने फोडायला लावा.

रांगणाऱ्या बाळाचा तळवा भाजला असेल आणि जखम पूर्ण बंद झाली असेल, तर रांगणं हाच सर्वात चांगला व्यायाम. अंगाचं सगळं वजन उघड्या तळव्यावर येतं, मनगट मागे जातं. खूप बाळं दुखऱ्या हाताची मूठ करून किंवा कोपरावर सरकतात. खेळणं थोडं उंचावर ठेवा, म्हणजे एका तळव्यावर भार देऊन दुसरा हात वर करावा लागेल, मग बाजू बदला. टाळ्या, मोठ्या चेंडूवर थापट्या, आरशावर उघडे पंजे टेकवणं, टबातल्या पाण्यावर चापट्या. यातलं काहीही चालेल, पण तळवा सपाट पडतोय ना एवढं बघा.

दोन ते पाच वर्षांच्या मुलांना खेळायची चिकणमाती, बोटांनी रंगवणं, स्टिकर सोलून चिकटवणं, कपड्यांचे चिमटे, पाण्यात बुडवून पिळायचा स्पंज हे सगळं आवडतं. भिंतीवर मोठा कागद लावून उभ्याने रंगवायला द्या, त्यात मनगट आपोआप मागे जातं. शाळकरी मुलांसाठी मणी ओवणं, कात्री, छोटे ठोकळे, झोक्याची साखळी धरणं, शिडीवर चढणं, आणि हातांवर चालणं, म्हणजे पाय तुम्ही धरायचे. किशोरवयीन मुलांना खेळण्यांत रस नसतो. त्यांना सायकलचा ब्रेक, कीबोर्ड, एखादं वाद्य आणि घरातली खरी कामं द्या.

वय कुठलंही असो, दोन हातांशिवाय जमणार नाही अशी कामं निवडा. मुलं हुशार असतात, भाजलेला हात मागे ठेवून दुसऱ्याने सगळं निभावून नेतात आणि घरात ते कुणाच्या लक्षातही येत नाही. झाकण फिरवून उघडायची बाटली, ओढून काढायचे ठोकळे, स्वतःच्या शर्टाची बटणं. बटणाला पाच मिनिटं लागतील. तुम्ही शेजारी बसा, हात मांडीवर ठेवा. पटकन लावून देण्याची तुमची माया मला समजते, पण त्या पाच मिनिटांत बोटं जे शिकतात ते माझ्या टेबलावर शिकत नाहीत.

बोटांना कमी जाणवत असेल, विशेषतः विजेच्या धक्क्याने भाजलं असेल तर, गरम वस्तूंपासून हात जपायला त्याला डोळ्यांनी बघण्याची सवय लावा. उलट काही हात साध्या स्पर्शानेही शहारतात. त्यांना आधी कापूस, मग मऊ कापड, मग टॉवेल, मग कोरडी वाळू, असं चढत्या क्रमाने रोज थोडं थोडं सरावू द्या.

व्रणाची देखभाल

जखम बंद झाल्यावर सहा-आठ आठवड्यांत व्रण लाल, उंच आणि टणक होऊ लागला तर त्याला तुमची चूक समजू नका. खोल भाजण्यानंतर असं होतंच. व्रण शांत, फिका, मऊ व्हायला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात.

मालिश : तेलग्रंथी नष्ट झाल्याने ही कातडी कोरडी पडते. दिवसातून तीन-चार वेळा क्रीम लावा. सुरुवातीला नुसतं दाबा, चोळू नका, कारण नव्या कातडीला घासलं की फोड येतात. ती चिवट झाली की अंगठ्याने, व्रण फिका पडेल इतका दाब देत, छोटे गोल फिरवा.

सिलिकॉन शीट, म्हणजे व्रणावर ठेवायची मऊ पट्टी : फक्त पूर्ण बंद झालेल्या कातडीवर. पहिल्या दिवशी दोन-तीन तास, मग रोज वाढवत न्या. कातडी आणि शीट दोन्ही रोज धुवा. पुरळ आलं तर थांबवा आणि विचारा.

प्रेशर ग्लोव्ह म्हणजे मापाचा घट्ट हातमोजा. तो अंघोळ आणि मालिश सोडून दिवसाचे २३ तास घालायला सांगतात. दोन जोड हवेत, एक धुतला की दुसरा. दोन-तीन महिन्यांत तो सैल पडतो किंवा मुलाला लहान होतो, मग नवा घ्यावा लागतो. बोटांच्या बेचक्यांत तो खोलवर बसलाय का बघा. तिथे पोकळी राहिली तर बेचकीतली कातडी हळूहळू वर चढते आणि बोटं आखूड दिसू लागतात. मापाचा ग्लोव्ह बसणार नाही इतका हात चिमुकला असेल तर स्वतःलाच चिकटणारी लवचीक पट्टी वापरतात, बोटाच्या टोकाकडून मनगटाकडे, टोक उघडं ठेवून. ती गुंडाळायला शिकून घ्या, घट्ट झाली तर रक्तपुरवठा अडतो.

खाज मुलांना फार छळते, रात्री तर जास्तच. क्रीम, गार ओलं कापड, कापलेली नखं, आणि खाजवण्याऐवजी बोटांनी टकटक करायची सवय. त्यातूनही झोप मोडत असेल तर सोसायला लावू नका, डॉक्टरांकडे यावर औषधं आहेत. ऊन टाळा. नवा व्रण पटकन काळवंडतो, म्हणून निदान वर्ष-दीड वर्ष बाहेर जाताना हात झाका किंवा एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन लावा.

दर महिन्याला मोजा

हात इतक्या हळू आखडतो की रोज बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून महिन्याच्या ठरावीक तारखेला वहीच्या पानावर हात सपाट ठेवून पेन्सिलीने बाह्यरेखा काढा. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. मग हात टेबलावर पालथा ठेवा : तळवा आणि सगळी बोटं एकाच वेळी टेकतात का? शेवटी अंगठ्याचं टोक एकेका बोटाच्या टोकाला आणि करंगळीच्या मुळाला लावायला सांगा. एक फोटो वरून आणि एक बाजूने. मागच्या महिन्यापेक्षा काही कमी झालं असेल तर पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.

घर आणि शाळा

‘मी दोन मिनिटं पाठ फिरवली’ हे वाक्य माझ्यासमोर किती आयांनी आणि बाबांनी उच्चारलं असेल, याची गणती नाही. त्या ओझ्यामुळे एकाच माणसावर सगळं काम पडतं, किंवा मुलाला काहीच नको म्हणावंसं वाटत नाही. काम वाटून घ्या. शक्य असेल तर ताणणं एकाने आणि लगेच नंतरचा खेळ दुसऱ्याने, मग आठवड्याने अदलाबदल. मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं, सतत चिकटू लागलं, वाईट स्वप्नांनी उठू लागलं, तर काही आठवडे ते चालायचंच. त्यापुढेही टिकलं तर रुग्णालयातल्या समुपदेशकाला भेटा.

शाळेत परतण्याआधी वर्गशिक्षकांना भेटून सांगा : ग्लोव्ह का आहे, तो कुणी काढायचा नाही, लिहायला थोडा जास्त वेळ लागेल, आणि हा व्रण संसर्गजन्य नाही. मुलाला एक तयार उत्तर देऊन ठेवा : ‘लहानपणी भाजलं होतं, आता दुखत नाही. चल, खेळूया.’ घरी चार-पाच वेळा खेळातून म्हणवून घ्या. हात लपवायची सवय लागली की तो वापरायचीही सवय सुटते.

वाढत्या वयात

हाडं वाढतात, व्रण त्या वेगाने वाढत नाही. दोन वर्षांचं असताना पूर्ण उघडणारा तळवा सहाव्या वर्षी पुन्हा ओढल्यासारखा दिसू शकतो. वयात येताना उंची झपाट्याने वाढते तेव्हा तर विशेष लक्ष हवं. तुमचं काही चुकलं म्हणून असं होतं, असं नाही. कधी काही महिने रात्रीचा स्प्लिंट पुन्हा सुरू केल्याने भागतं, कधी शस्त्रक्रिया करून आखडलेला पट्टा मोकळा करतात आणि तिथे जाड कातडी लावतात किंवा शेजारची कातडी फिरवून घेतात. व्रण शांत होईपर्यंत सर्जन सहसा थांबतात. पण बोट वाकलेल्या स्थितीतच वाढू लागलं असेल, सांध्याची घडण बिघडायची भीती असेल, तर लवकरही करतात. शस्त्रक्रियेनंतर पुन्हा काही महिने स्प्लिंट आणि ताणणं लागतंच, त्याची तयारी ठेवून तारीख ठरवा, परीक्षा आणि सुट्ट्या बघून.

दोन वर्षांनी थेरपिस्टने नियमित येणं बंद करायला सांगितलं, तरी वही टाकू नका. वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण अठरा वर्षांपर्यंत, निदान दर वाढदिवसाला त्याच वहीत हाताची बाह्यरेखा काढा आणि टेबलावर हात पालथा ठेवून बघा. एखादं बोट टेकेनासं झालं, तर त्या आठवड्यातच फोन करा.